रानबदकांतला बर्ड फ्लू: उपप्रकार ओळखायचा कसा, वाचायचा कसा

'बदकांच्या नमुन्यांत एच५ आढळला.' एवढी एक ओळ वाचून कुणी हादरतं, कुणी पान उलटून पुढे जातं. दोघांचंही चुकतं, कारण काही ठरवावं एवढी माहिती त्या ओळीत नसतेच. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू असणं ही निसर्गातली नेहमीची गोष्ट आहे. १९७२ साली कॅलिफोर्नियात मोकळ्या उडणाऱ्या रानबदकांतून ते वेगळे केले गेले, आणि तेव्हापासून जिथे जिथे नेटाने शोधलं तिथे तिथे ते सापडत गेले. प्रश्न असतो तो विषाणू कोणता, कुठल्या घराण्यातला आणि कोणत्या बदकात, हा.

माझं सांगणं एवढंच आहे की एच५एन१ हे विषाणूचं आडनाव आहे, त्याची कुंडली नव्हे. एकाच आडनावाची दोन माणसं एकमेकांना ओळखतही नसतात, तसंच इथे. आडनावापासून कुंडलीपर्यंत कसं पोचायचं ते पुढे पायरीपायरीने मांडलं आहे. पक्षीनिरीक्षक, पशुवैद्यकाचे विद्यार्थी, बातमी लिहिणारे आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेले, अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १: आधी नाव सोडवून घ्या

फ्लूच्या विषाणूंचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. पक्ष्यांत वस्ती आहे ती फक्त ए प्रकाराची. त्याच्या आवरणावर दोन महत्त्वाची प्रथिनं असतात. हिमॅग्लुटिनिन, म्हणजे नावातला 'एच', पेशीला चिकटून आत शिरायचं काम करतं. न्यूरामिनिडेज, म्हणजे 'एन', पेशीत तयार झालेले नवे विषाणू तिच्यापासून सुटे करतं. पक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ उपप्रकार पक्के मानले जातात. एच१७एन१० आणि एच१८एन११ वटवाघळांत सापडले, त्यांचा बदकांशी संबंध नाही. सोळा गुणिले नऊ म्हणजे कागदावर १४४ जोड्या होतात. त्यांतल्या शंभराहून अधिक प्रत्यक्ष आढळल्या आहेत, आणि बहुतेक पाणपक्ष्यांतच.

आता एक पूर्ण नाव घेऊ: ए/मॅलार्ड/अस्त्राखान/२६३/१९८२ (एच१४एन५). पहिलं अक्षर प्रकाराचं. मग ज्यातून विषाणू मिळाला तो पक्षी, मग ठिकाण, मग प्रयोगशाळेने दिलेला क्रमांक, मग साल, आणि शेवटी कंसात उपप्रकार. विषाणू माणसातून मिळालेला असेल तर प्राण्याचा रकाना गाळतात. एवढं कळलं की कुठल्याही जनुकीय नोंदीचं शीर्षक वाचता येतं.

यात तीन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे नुसतं 'बदक' लिहिलेली नावं. एच१५ चा मूळ नमुना ए/डक/ऑस्ट्रेलिया/३४१/१९८३ (एच१५एन८) याच थाटाचा आहे. अशा नावावरून पक्षी रानातला की पाळलेला हे कळत नाही, मग जातीची गोष्टच सोडा. बहुतेक पाळीव बदकं मॅलार्डचेच वंशज असल्यामुळे हा गोंधळ आणखी वाढतो. दुसरा खळगा ठिकाणाचा. वर दिलेला एच१४ चा विषाणू जुन्या लेखांत 'गुर्येव' या नावाखाली भेटतो. क्रमांक तोच, २६३. म्हणून शोधताना ठिकाणावर विसंबू नका, क्रमांक आणि साल जुळवून पाहा. तिसरा खळगा जुन्या नामकरणाचा. १९८० मध्ये एच आणि एनची यादी नव्याने लावली गेली. त्याआधीच्या लेखांतला 'एचएव्ही१' म्हणजे आजचा एच७, 'एचएसडब्ल्यू१' म्हणजे एच१, तर 'एचईक्यू२' आणि 'एचएव्ही७' हे दोन्ही आजच्या एच३ मध्ये आले. जुना लेख आणि नवा तक्ता शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तुलना करू नका.

पायरी २: पक्षी कोणता, महिना कोणता

सगळी बदकं या बाबतीत सारखी नसतात. मॅलार्ड, तलवार बदक, थापट्या आणि लहान बदकांच्या काही जाती उथळ पाण्यात चरतात, म्हणजे डोकं पाण्यात, शेपूट वर, आणि चोचीतून चिखलपाणी गाळत राहायचं. नेमक्या याच पाण्यात आदल्या रात्री शेकडो पक्ष्यांची विष्ठा पडलेली असते. विषाणू बदकाच्या आतड्यातल्या पेशींत वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो आणि दुसऱ्या बदकाच्या चोचीतून पुन्हा आत शिरतो. आतड्यातल्या या वाढीचा भक्कम पुरावा रॉबर्ट वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडला. फ्लू म्हटलं की आपल्याला नाक आणि खोकला आठवतो. बदकातला फ्लू मुख्यतः पोटाचा आहे, आणि तरी बदक बहुधा आजारी दिसत नाही. खोल बुडी मारून खाणाऱ्या बदकांत साधे, सौम्य विषाणू सहसा कमी आढळतात.

पाण्याची बाजू नीट समजून घ्या, कारण नमुने कुठे शोधायचे ते तिच्यावर ठरतं. थंड, गोडं आणि किंचित अल्कधर्मी पाणी विषाणूला मानवतं. क्लोरीन नसलेल्या पाण्यात २२ अंश सेल्सियसला तो चार दिवस, तर शून्य अंशाला तीस दिवसांहून जास्त संसर्गक्षम राहिल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे बदकं उडून गेली तरी त्यांचा विषाणू तळ्यात मागे राहू शकतो. खारटपणा आणि तापमान वाढलं की हा काळ झपाट्याने आखडतो.

महिन्याचा फरक तर आकडे पाहूनच पटतो. उत्तर अमेरिकेतल्या दीर्घकाळच्या नोंदींनुसार उन्हाळा संपताना, स्थलांतराआधी कॅनडातल्या पाणथळींवर बदकं जमतात तेव्हा संसर्गाचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत जातं. तीच बदकं दक्षिणेकडे हिवाळी मुक्कामी पोचतात तोवर ते ०.४ ते २ टक्क्यांवर येतं, आणि वसंतात परत फिरताना पाव टक्क्याच्या आसपास उरतं. कारण सोपं आहे. उन्हाळ्याअखेरीस थव्यात त्या वर्षीची पिल्लं असतात, त्यांना पूर्वी कधी संसर्ग झालेला नसतो आणि सगळी दाटीवाटीने एकाच पाण्यावर उतरलेली असतात. प्रत्येक बदक साधारण आठवडाभर विषाणू सोडतं आणि थांबतं.

म्हणून कुठलाही टक्का वाचला की लगेच विचारा: कोणत्या महिन्यातला? पिल्लांतला की मोठ्यांतला? जानेवारीत पकडलेल्या प्रौढ मॅलार्डमधला दोन टक्के आणि ऑगस्टमधल्या पिल्लांतला दोन टक्के, या दोन आकड्यांचा अर्थ एक नाही.

पायरी ३: नेहमीचे रहिवासी आणि दुर्मीळ पाहुणे

रानबदकांत, विशेषतः मॅलार्डमध्ये, एच३, एच४ आणि एच६ हे सर्वांत जास्त भेटतात. एनमध्ये एन२, एन६ आणि एन८ पुढे असतात. जोड्या बांधायच्या तर एच३एन८ आणि एच४एन६ ही बदकांची जणू घरचीच नावं. यादीत ती दिसली तर चकित होऊ नका. दिसली नाहीत तर मात्र नमुने घेण्याच्या पद्धतीत काही बिघडलं आहे का ते तपासा.

एच१३ आणि एच१६ ही कुरव पक्ष्यांची मक्तेदारी. एच१६ ची ओळख २००५ मध्ये पटली तीही स्वीडनमधल्या काळ्या डोक्याच्या कुरवांमुळे. बदकाच्या नमुन्यात एच१३ निघाला तर तो खरा असू शकतो, पण आधी नमुन्यांची सरमिसळ झाली नाही ना, पक्ष्याची जात नीट ओळखली होती ना, हे पाहावं. एच१४ ची गोष्ट मला फार आवडते. १९८२ मध्ये कॅस्पियन समुद्राच्या उत्तर भागातल्या मॅलार्डमध्ये तो मिळाला आणि मग वर्षानुवर्षं दिसेनासा झाला. २०१० मध्ये तो एकदम उत्तर अमेरिकेतल्या सागरी बदकांत उगवला. तो कुठेतरी फिरतच होता, त्याच्या वाटेवर बघणारं कुणी नव्हतं.

इथे एक नातं लक्षात ठेवलं तर पुढे खूप काही उलगडतं. एचचे उपप्रकार दोन मोठ्या गटांत विभागलेले आहेत. पहिल्या गटात एच१, एच२, एच५, एच६, एच८, एच९, एच११, एच१२, एच१३ आणि एच१६. दुसऱ्यात एच३, एच४, एच७, एच१०, एच१४ आणि एच१५. एच३ आणि एच४ जवळचे भाऊ, एच७ आणि एच१० जवळचे भाऊ. स्वीडनमधल्या ओटेनबी इथे २००२ पासून मॅलार्ड पकडून, कडी घालून, नमुना घेऊन सोडले जातात, आणि तीच बदकं त्याच मोसमात पुन्हा पुन्हा सापळ्यात येतात. त्यामुळे एका पक्ष्याला आधी काय झालं आणि नंतर काय झालं याची माळ तयार होते. त्यातून दिसलं की एका उपप्रकाराचा संसर्ग होऊन गेला की तोच पुन्हा होणं अवघड होतं, आणि त्याच्या जवळच्या भावाचाही होणं कमी होतं. एका मोसमात एकापाठोपाठ वेगवेगळे उपप्रकार डोकं वर काढतात, त्यामागे थव्याच्या प्रतिकारशक्तीचा हा हिशोब असतो.

पायरी ४: नमुना घेणं

आधी सुरक्षितता. रानपक्षी पकडण्यासाठी परवानगी आणि प्रशिक्षण दोन्ही लागतं. उत्साहापोटी हे काम कुणी करू नये. हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, चेहऱ्यावर नीट बसलेला एन९५ मास्क, आणि काम झाल्यावर साबणाने हात. पक्ष्यांजवळ असताना खाणं, पिणं, फोन हाताळणं बंद. मेलेलं किंवा मान वाकडी करून गोल फिरणारं बदक दिसलं तर हात लावू नका. जागा, वेळ, जात आणि किती पक्षी तशा अवस्थेत आहेत एवढं टिपा, लांबून छायाचित्र घ्या आणि पशुवैद्यकीय किंवा वन्यजीव यंत्रणेला कळवा. कुत्र्याला तिथून दूर ठेवा. बूट आणि गाडीची चाकं धुतल्याशिवाय कोंबड्या पाळलेल्या जागी जाऊ नका.

प्रशिक्षित हातांसाठी मुद्दे असे. प्रत्येक पक्ष्याचे दोन स्वॅब घ्या, एक घशातून आणि एक विष्ठाद्वारातून. साधे, सौम्य विषाणू विष्ठाद्वाराच्या स्वॅबमध्ये जास्त मिळतात, तर हल्लीचा घातक एच५ बऱ्याचदा घशात जास्त असतो. फक्त मागच्या बाजूचा नमुना घेणारी जुनी सवय म्हणूनच सोडायला हवी. स्वॅब पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचा आणि प्लास्टिकच्या दांडीचा हवा. लाकडी दांडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा पुढच्या चाचणीत अडथळा आणतात. विष्ठाद्वारातला स्वॅब बाहेर आल्यावर त्यावर विष्ठेचा डाग स्पष्ट दिसला पाहिजे. कोरडा, स्वच्छ स्वॅब म्हणजे न घेतलेला नमुना. हे वाक्य मी नव्या माणसांना पुन्हा पुन्हा ऐकवतो, कारण पक्ष्याला दुखेल या भीतीने स्वॅब नुसता टेकवून काढला जातो, आणि मग अहवालात 'नकारात्मक' असा एक आकडा भरतो ज्याला काही अर्थ नसतो.

स्वॅब विषाणू वाहून नेणाऱ्या द्रावणात बुडवायचा. त्यात प्रतिजैविकं आणि बुरशीरोधक असतात, नाहीतर विष्ठेतले जिवाणू सगळ्यावर ताबा मिळवतात. नळी लगेच बर्फावर, साधारण ४ अंशांवर. दोनतीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचत असेल तर एवढं पुरे. त्याहून वेळ लागणार असेल तर द्रव नायट्रोजन किंवा उणे ८० अंश. घरगुती फ्रीजरचे उणे २० अंश टाळा, आणि गोठवणं–वितळवणं–गोठवणं तर टाळाच. दरवेळी जिवंत विषाणू कमी होत जातो. काही द्रावणं विषाणू मारून फक्त त्याचं आरएनए जपतात. वाहतुकीला ती उत्तम, पण त्यातून पुढे विषाणू वाढवता येणार नाही. तुम्हाला काय हवं आहे ते निघण्यापूर्वी ठरवा.

पक्षी पकडणं शक्य नसेल तर काठावरची ताजी, ओलसर विष्ठा गोळा करता येते. उन्हात वाळलेली उपयोगाची नाही. ही विष्ठा कोणत्या जातीची हे नजरेने ठरवू नका. थव्यात तीन जाती मिसळलेल्या असतात. तिच्यातल्या पेशींच्या डीएनएवरून जात ओळखता येते, आणि तेवढा खर्च करायलाच हवा, नाहीतर नावातला पक्ष्याचा रकाना अंदाजाने भरला जाईल.

पायरी ५: प्रयोगशाळेत काय, कोणत्या क्रमाने

पहिली चाळणी रिअल टाइम पीसीआरची (जनुकाचा ठरावीक भाग अनेक पटींनी वाढवून ओळखणारी चाचणी), आणि तीही एम जनुकासाठी. हे जनुक सगळ्या उपप्रकारांत जवळपास सारखं असल्यामुळे 'ए प्रकारचा कुठला तरी फ्लू आहे का' एवढं ते सांगतं. निकालात सीटी नावाचा आकडा येतो. तो जितका लहान तितका विषाणू जास्त, साधारण ३.३ ने आकडा वाढला की विषाणू दहापट कमी झाला असं समजा. सीटी ३६ आलेला नमुना सकारात्मक असला तरी त्यातून पूर्ण जनुकक्रम मिळण्याची आशा धरू नये. तीसच्या आतले नमुने आधी हाती घ्या.

एम सकारात्मक आला की दुसरी चाळणी एच५ आणि एच७ साठी. इथे एक अडचण नेहमी लपून राहते. या चाचण्यांचे प्रायमर, म्हणजे जनुक हेरून पकडणारे छोटे तुकडे, ठरावीक घराण्यांवर बेतलेले असतात. युरेशियातले आणि अमेरिकेतले विषाणू फार काळ वेगळे वाढले, त्यामुळे एका खंडासाठी केलेली चाचणी दुसऱ्या खंडातल्या एच७ ला चुकवू शकते. एच५ नाही, एच७ नाही, पण एमचा सीटी २२ आहे, असा नमुना 'बिनमहत्त्वाचा' म्हणून बाजूला ठेवू नका. त्याचा क्रम काढा.

जुनी पण अजूनही सुंदर पद्धत म्हणजे अंड्यांची. नऊ ते अकरा दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात नमुना टोचतात, काही दिवसांनी आतला द्रव काढून तो कोंबडीच्या लाल पेशींत मिसळतात. हे काम योग्य जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच होतं, आणि घातक एच५ ची शंका असेल तर आणखी वरच्या पातळीच्या. द्रवात विषाणू असेल तर लाल पेशी एकमेकांना धरून थाळीच्या खळग्यात जाळीसारख्या पसरतात. नसेल तर त्या तळाशी जमून लाल बटण तयार होतं. मग एकेका एचविरुद्धचं प्रमाणित सीरम (प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव) घालून पाहायचं. एच४ च्या सीरमने जाळी मोडली आणि बटण पुन्हा दिसलं तर विषाणू एच४. थाळी तिरकी धरली की बटणातल्या पेशी अश्रूसारख्या खाली ओघळतात. ओघळ दिसला की वाचन पक्कं. तो ओघळ पहिल्यांदा पाहिला की हिमॅग्लुटिनिन हा शब्द कायमचा कळतो.

आता बहुतेक ठिकाणी थेट जनुकक्रम काढतात. या विषाणूचं आरएनए आठ तुकड्यांत असतं, आणि प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला १२ तर दुसऱ्या टोकाला १३ अक्षरं सर्व उपप्रकारांत जवळजवळ सारखी असतात. त्या टोकांना धरून आठही तुकडे एकदम वाढवता येतात, आणि एच कोणता, एन कोणता हे आधी माहीत असण्याची गरजच उरत नाही.

बदकांच्या बाबतीत सर्वांत जास्त चकवा देतो तो मिश्र संसर्ग. एका बदकात एकाच वेळी दोन विषाणू असणं मुळीच दुर्मीळ नाही. निकालात एच४ आणि एच६, एन२ आणि एन६ असं सगळं एकत्र आलं तर मनाने जोड्या जुळवू नका. एच४एन६ आणि एच६एन२ आहे, की उलट, की चारही जोड्या आहेत, हे त्या निकालावरून ठरत नाही. 'मिश्र' असं लिहा, नाहीतर विषाणू एकेक वेगळा करून पाहा. अंड्यात वाढवताना जोमाने वाढणारा विषाणू दुसऱ्याला मागे टाकतो हेही ध्यानात असू द्या; म्हणून मूळ स्वॅबचा क्रम आणि अंड्यातल्या विषाणूचा क्रम ताडून पाहावेत.

मिश्र संसर्गाचं महत्त्व नुसत्या नोंदीपुरतं नाही. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले तर आठ तुकड्यांची अदलाबदल होऊन २५६ प्रकारच्या जुळण्या शक्य असतात. १९५७ च्या साथीतल्या एच२एन२ विषाणूने एच, एन आणि पीबी१ हे तीन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूंकडून घेतले होते. १९६८ च्या एच३एन२ ने एच आणि पीबी१ हे दोन. बदकाच्या पोटातल्या 'साध्या' उपप्रकारांची यादी ठेवायची ती यासाठी.

पायरी ६: छेदस्थान वाचा

या लेखातली एकच पायरी लक्षात राहणार असेल तर ही राहू दे. एच प्रथिन कामाला लागण्यापूर्वी त्याचे दोन भाग व्हावे लागतात. जिथे ते कापलं जातं ती जागा म्हणजे छेदस्थान, आणि विषाणू सौम्य की घातक हे मुख्यतः तिथल्या अमिनो आम्लांवर ठरतं.

रानबदकातल्या सौम्य एच५ मध्ये तिथे साधारणपणे असा क्रम असतो (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल): पी-क्यू-आर-ई-टी-आर, मग काप, मग जी-एल-एफ. कापाला अगदी लागून आर म्हणजे आर्जिनिन एकटाच आहे. असं प्रथिन कापू शकणारी विकरं आतड्यात आणि श्वसनमार्गातच असतात, म्हणून विषाणू तिथेच अडकून राहतो. आता गेल्या काही वर्षांतल्या घातक एच५ चा क्रम पाहा: पी-एल-आर-ई-के-आर-आर-के-आर, मग काप, मग जी-एल-एफ. आर आणि के (म्हणजे लायसिन) यांची रांगच लागली आहे. असं प्रथिन फ्युरिन नावाचं विकर कापतं, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असतं. मेंदू, हृदय, स्वादुपिंड, विषाणूला सगळी दारं उघडी. हा बदल निसर्गात फक्त एच५ आणि एच७ मध्येच होताना दिसला आहे, आणि तोही बहुधा बदकांत नाही. सौम्य विषाणू रानपक्ष्यांकडून कोंबड्यांत जातो, तिथे दाटीत फिरता फिरता हा बदल होतो.

'घातक' आणि 'सौम्य' या शब्दांचा तांत्रिक अर्थ कोंबडीपुरताच आहे. सहा आठवड्यांच्या कोंबड्यांच्या शिरेत विषाणू टोचून काढलेला निर्देशांक १.२ च्या वर गेला किंवा किमान ७५ टक्के कोंबड्या मेल्या तर तो अतिघातक. इतर प्राण्यांत काय होईल हे त्यातून कळत नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये माणसांना गंभीर आजारी करणारा एच७एन९ कोंबड्यांच्या लेखी सौम्यच होता. उलट बाजूने, कोंबड्यांना संपवणारा एच५एन१ प्रयोगात मॅलार्डने काहीही लक्षण न दाखवता बाहेर टाकला, तर शेंडी बदकं त्याच विषाणूने गंभीर आजारी पडली. म्हणजे तळ्यावर मेलेली शेंडी बदकं दिसतात आणि विषाणू वाहून नेणारा मॅलार्ड ठणठणीत उडत राहतो.

पायरी ७: घराणं शोधा

१९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरय पक्षी एच५एन३ ने मेले, ती रानपक्ष्यांतली पहिली नोंदलेली साथ. त्यानंतर बराच काळ तसं काही मोठं घडलं नाही. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसातून एच५एन१ मिळाला, आणि आज जगभर फिरणारे घातक एच५ त्याच घराण्यातले आहेत. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना त्याची लागण झाली, सहा दगावली. २००५ मध्ये चिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस सर्वाधिक. २०१४ च्या अखेरीस या घराण्यातला एच५एन८ उत्तर अमेरिकेत पोचला. त्यातली २.३.४.४बी ही शाखा २०२१ च्या शेवटी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडला उतरली, ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियाच्या बर्ड आयलंडवर सापडली आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींत निदान झाली.

या घराण्याने एन बदलला आहे. एच५एन१, एच५एन६, एच५एन८ सगळे एकाच मुळाचे. उलट २००६ मध्ये मिशिगनमधल्या मूक हंसांत एन१ असलेला एच५ सापडला तेव्हा एकच गलका झाला. तो अमेरिकेतला स्थानिक, सौम्य विषाणू निघाला. नाव सारखं, घराणं निराळं. म्हणून एचचा क्रम मिळाला की ज्ञात क्रमांशी जुळवून शाखेचं झाड काढा आणि मगच मत द्या. नुसत्या एचवर थांबू नका, आठही तुकड्यांचं मूळ पाहा. गायींतला बी३.१३ आणि रानपक्ष्यांतून पसरलेला डी१.१ हे दोन्ही जनुकीय प्रकार २.३.४.४बी शाखेचे एच५एन१, तरी आतले तुकडे वेगळे आहेत.

पायरी ८: शून्याचा हिशोब, आणि फ्रीजर

तीस बदकं तपासली, एकही सकारात्मक नाही. 'तलाव मुक्त आहे' असं लिहायचं का? नाही. सोपा नियम असा: सगळे निकाल नकारात्मक असतील तर तीनला नमुन्यांच्या संख्येने भागा. खरं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं, ९५ टक्के खात्रीने. तीस नमुन्यांवर ते १० टक्के येतं, तीनशेंवर १ टक्का. हिवाळ्यात खरं प्रमाण अर्धा टक्का असताना तीस बदकांतून काही सिद्ध होत नाही. ठरावीक संख्येचे स्वॅब एकत्र करून तपासले असतील तर तेही अहवालात लिहा, कारण मग 'एक सकारात्मक' म्हणजे एक पक्षी नव्हे, एक गट.

उरलेला नमुना टाकू नका. २००८ मध्ये कझाकस्तानात एका छोट्या लालसरी बदकातून घेतलेल्या नमुन्यातला विषाणू कुठल्याच ज्ञात एचमध्ये बसला नाही. त्याला एच१९ म्हणावं असा प्रस्ताव २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, नमुना घेतल्यावर १५ वर्षांनी. तो नमुना सांभाळलेला होता म्हणून हे शक्य झालं. नळीवर जात, वय, नर की मादी, कड्याचा क्रमांक, नेमकी जागा, तारीख आणि स्वॅब घशाचा की विष्ठाद्वाराचा, एवढं न पुसणाऱ्या शाईने लिहा, त्याचीच प्रत वहीत ठेवा आणि नळी उणे ८० अंशांत जाऊ द्या.